‘माझे बाबा खूप कष्टाळू आहेत’ हे स्पॅनिशमध्ये कसं म्हणायचं?

विचारणाऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा: स्पॅनिश शिकायला लागून आठ महिने झाले, डेले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेची ए-दोन पातळी द्यायची आहे. ‘माझे कुटुंब’ या निबंधात त्यांनी वडिलांबद्दल ‘मी पाद्रे एस उन त्राबाखादोर दुरो’ असं लिहिलं आणि शिक्षिकेने ते वाक्य खोडलं. वडील चिंचवडला एका वर्कशॉपमध्ये लेथवर एकतीस वर्षं काम करून निवृत्त झालेत. तर ‘कष्टाळू’ला नेमका शब्द कोणता, कामगाराला किती शब्द आहेत, आणि ते लक्षात कसे ठेवायचे?

मी गेली बावीस वर्षं पुण्यात स्पॅनिश शिकवते आणि भाषांतरं करते. हे वाक्य निदान दोनशे वह्यांमध्ये खोडलं असेल, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी सरळ उत्तर. ‘मी पाद्रे एस मुइ त्राबाखादोर.’ बस, एवढंच. (हा ‘मी’ म्हणजे ‘माझा’. पहिल्या आठवड्यात याने सगळ्यांचाच गोंधळ उडतो.) तुमचं वाक्य चुकलं कारण ते मराठीतून आलंच नाही. तुम्ही मनात ‘कष्टाळू’ म्हणालात, त्याचं इंग्रजी केलंत, आणि त्या इंग्रजीतल्या दोन शब्दांना एकेक स्पॅनिश शब्द चिकटवलात. स्पॅनिश माणसाला ‘त्राबाखादोर दुरो’ ऐकून कडक, रांगडा, दगडासारखा कामगार दिसतो. मराठीत आपण ‘कठीण कामगार’ म्हणतो का? नाही, एकच विशेषण वापरतो, कष्टाळू. स्पॅनिशही तेच करतं. ‘दुरो’ हवंच असेल तर ते क्रियापदाला लावा: ‘त्राबाखा दुरो’, म्हणजे ‘तो कसून काम करतो’. ते चालतं.

त्राबाखादोर हा शब्द दोन्ही कामं करतो. तो नाम म्हणून आला तर ‘कामगार’, विशेषण म्हणून आला तर ‘कष्टाळू’. ‘एस उन त्राबाखादोर’ म्हणजे तो कामगार आहे. ‘एस त्राबाखादोर’ म्हणजे तो कष्टाळू आहे. मधल्या ‘उन’ने सगळा फरक केला. ‘एल त्राबाखादोर मास त्राबाखादोर दे ला फाब्रिका’ हे व्याकरणदृष्ट्या अगदी बरोबर वाक्य आहे: कारखान्यातला सगळ्यात कष्टाळू कामगार. स्त्रीलिंगी करताना मागे ‘आ’ लागतो, त्राबाखादोरा. लिंगवचनाप्रमाणे विशेषण बदलणं इंग्रजी माणसाला डोकेदुखी वाटते. चांगला-चांगली-चांगले म्हणत वाढलेल्या आपल्याला ती वाटू नये.

दुसरी नेहमीची चूक ‘आहे’ची. स्पॅनिशमध्ये ‘आहे’ला दोन क्रियापदं. स्वभाव सांगताना ‘एस’, चालू अवस्था सांगताना ‘एस्ता’. म्हणून ‘एस त्राबाखादोर’ पण ‘एस्ता त्राबाखांदो’, म्हणजे तो आत्ता काम करतोय. ‘एस्ता त्राबाखादोर’ असं लिहिलंत तर वाचणारा ‘आज काय झालंय याला, एकदम कामाला लागलाय?’ अशा नजरेने बघेल.

उच्चाराचंही इथेच सांगून टाकते. ‘त्राबाखादोर’मधला ‘त’ आणि ‘द’ दातांवर जीभ टेकवून म्हणायचे, आपले तसेच. इंग्रजी शाळेत शिकलेली मुलं ‘ट्राबाखाडोर’ म्हणतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. जन्मजात मिळालेली गोष्ट टाकून देतात. ‘ख’ घशातून, खवखव झाल्यासारखा. मेक्सिकोत आणि कॅरिबियनमध्ये तो सौम्य होत जवळजवळ ‘ह’ होतो. स्पेनच्या बहुतेक भागात जिथे ‘थ’सारखा उच्चार आहे तिथे मी खाली लॅटिन अमेरिकेतला ‘स’ लिहिलाय. आणि व वाटणारं अक्षर स्पॅनिशमध्ये ‘ब’च असतं.

शब्दाचं मूळ बघितलं की तो विसरत नाही. ‘त्राबाखो’ म्हणजे काम. हा शब्द उत्तरकालीन लॅटिनमधल्या ‘त्रिपालिउम’वरून आला. ते तीन खांबांचं छळाचं साधन होतं. छळ सोसणं, मग कष्ट सोसणं, मग नुसतं काम करणं, असा अर्थाचा प्रवास झाला. आपल्याकडेही ‘कष्ट’ म्हणजे आधी दुःखच. ‘फार कष्ट काढले हो तिने’ या वाक्यात काम किती आणि दुःख किती हे वेगळं करता येत नाही.

आता कामगारांचे शब्द. इथे मला माझीच फजिती सांगायला हवी.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका स्पॅनिश कंपनीचं बांधकाम आपल्याकडे चालू होतं आणि साइटवरच्या सुरक्षेची पुस्तिका मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं. मागे माणसांचा तक्ता होता: ‘ओफिसिआल दे प्रिमेरा’ इतके, ‘ओफिसिआल दे सेगुंदा’ इतके, ‘पेओन’ इतके. मी तेव्हा नवीन, घाईत. मी लिहिलं: प्रथम वर्ग अधिकारी, द्वितीय वर्ग अधिकारी, शिपाई. दोन दिवसांनी साइट इंजिनिअरचा फोन आला. ‘मॅडम, तुमच्या तक्त्यात नुसते अधिकारी आणि शिपाईच आहेत. भिंत कोण बांधणार?’

ओफिसिआल हा इथे अधिकारी नव्हेच. तो ‘ओफिसिओ’वरून, म्हणजे हातातल्या धंद्यावरून, कसबावरून आलेला शब्द. युरोपातल्या जुन्या कारागीर-संघांत तीन पायऱ्या असत: आप्रेन्दिस म्हणजे शिकाऊ, ओफिसिआल म्हणजे धंदा शिकून तयार झालेला, आणि माएस्त्रो म्हणजे स्वतःचं दुकान मांडू शकणारा उस्ताद. स्पेनच्या बांधकामावर हे शब्द अजून चालतात. ओफिसिआल दे प्रिमेरा म्हणजे पहिल्या नंबरचा गवंडी. पेओन म्हणजे घमेली उचलणारा, माल कालवणारा, आपल्या साइटवरचा बिगारी.

पेओनचा मी शिपाई का केला, तर कानात ‘प्यून’ वाजला म्हणून. आणि तो काही उगाच वाजला नव्हता. लॅटिनमध्ये पायी चालणाऱ्याला, पायदळातल्या शिपायाला जो शब्द होता त्याच्यावरून स्पॅनिश ‘पेओन’ आला आणि त्याचाच पोर्तुगीज भाऊ भारतातल्या इंग्रजीत शिरून सरकारी कचेऱ्यांच्या दाराबाहेर स्टुलावर बसला. बुद्धिबळातल्या प्याद्यालाही स्पॅनिशमध्ये पेओनच म्हणतात. आपलं ‘प्यादं’ फारसीतून आलं, पण अर्थ तोच, पायी चालणारा. म्हणजे शब्दाचं घराणं मी बरोबर ओळखलं, माणूस चुकला.

गवंड्याला ‘आल्बान्यिल’ म्हणतात. सुरुवातीचा ‘आल्’ बघितला की बहुतेक वेळा अरबी ओळखायचा. स्पेनचा मोठा भाग शतकानुशतकं अरबी बोलणाऱ्या मुस्लिम राजवटींखाली होता आणि घर बांधण्याच्या, पाण्याच्या, शेतीच्या धंद्यातले पुष्कळ शब्द तिथून आले. आणि माएस्त्रो? पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आलेला ‘मेस्त्री’ हा त्याचाच चुलतभाऊ. मेक्सिकोत नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला लोक ‘माएस्त्रो’ अशी हाक मारतात, अगदी आपल्या ‘अहो मेस्त्री’सारखी. त्याच देशात शाळेतल्या शिक्षकालाही माएस्त्रो म्हणतात, त्यामुळे मला तिथे दोन्ही अर्थांनी हा शब्द गोड वाटायचा. ‘पगार’ही पोर्तुगीज ‘पागार’, म्हणजे पैसे देणे, यावरून आला. स्पॅनिशमध्ये क्रियापद तेच, पागार, आणि नाम ‘पागा’. हा शब्द तुम्हाला पाठ करावा लागणार नाही. स्पेनमध्ये बऱ्याच नोकऱ्यांत वर्षाला चौदा ‘पागा’ असतात, बारा महिन्यांच्या आणि उन्हाळ्यात व नाताळात एकेक जादा. मेक्सिकोत डिसेंबरच्या वीस तारखेआधी किमान पंधरा दिवसांचा पगार ‘आगिनाल्दो’ म्हणून द्यावाच लागतो, कायदाच आहे. आमच्या वर्गात त्याला सरळ ‘दिवाळी बोनस’ म्हणतात.

‘ओब्रेरो’ आणि ‘त्राबाखादोर’ यांत फरक काय, हे दर बॅचमध्ये कुणीतरी विचारतंच. ओब्रेरो म्हणजे हाताने काम करणारा, कारखान्यातला किंवा ‘ओब्रा’वरचा, म्हणजे बांधकामावरचा. बँकेत काम करणारा ओब्रेरो नव्हे, पण कायद्याच्या भाषेत तो त्राबाखादोर आहे. स्पेनच्या 1980 च्या कामगार कायद्याचं नावच ‘एस्तातुतो दे लोस त्राबाखादोरेस’ आहे. ओब्रेरो या शब्दाला चळवळीचा वास आहे. 1879 मध्ये माद्रिदला स्थापन झालेल्या समाजवादी पक्षाच्या नावात तो आहे. 1931 च्या प्रजासत्ताकाच्या घटनेचं पहिलं कलम म्हणत होतं की स्पेन हे ‘सर्व प्रकारच्या त्राबाखादोरांचं’ लोकशाही प्रजासत्ताक आहे. ‘सर्व प्रकारच्या’ हे शब्द मुद्दाम घातलेले. नाहीतर डॉक्टर-वकिलांना वाटलं असतं की आपण त्यात नाही. पुढे हुकूमशहा फ्रांकोच्या राजवटीत अधिकृत भाषेत ओब्रेरो टाळून ‘प्रोदुक्तोर’, उत्पादक, असा शब्द रेटला गेला, कारण ओब्रेरो म्हटलं की संप आणि लाल झेंडे आठवत. आपल्याकडे कामगार, मजूर, श्रमिक, कष्टकरी यांतला कुठला शब्द कुठल्या व्यासपीठावरून येतो हे आपल्याला न सांगता कळतं. तिथेही तसंच आहे.

आणि हो, मधमाश्यांमधली ‘कामकरी माशी’ स्पॅनिशमध्ये ‘आबेखा ओब्रेरा’. मुंगीसुद्धा ‘ओर्मिगा ओब्रेरा’. मराठी शाळेत जीवशास्त्र शिकलेल्याला हे फुकटात मिळतं.

शेतावर गेलो की शब्द बदलतात. ‘काम्पेसिनो’ म्हणजे गावाकडचा, जमिनीवर जगणारा शेतकरी. ‘आग्रिकुल्तोर’ हा फॉर्मवर लिहायचा शेतकरी. ‘लाब्रादोर’ म्हणजे नांगर धरणारा. माद्रिदचा रक्षक संत इसिद्रो याला ‘सान इसिद्रो लाब्रादोर’ म्हणतात आणि 15 मे ला त्याची जत्रा भरते. आख्यायिका अशी की तो प्रार्थनेत रमलेला असताना देवदूत येऊन त्याचं शेत नांगरत. जनाबाईसोबत जात्यावर बसणारा विठ्ठल ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने तर लगेच विचारलं, ‘मॅडम, देवदूतांना रोज किती मिळायचा?’

रोज हाच पुढचा शब्द. ‘खोर्नाल’ म्हणजे दिवसाची मजुरी आणि त्यावर काम करणारा ‘खोर्नालेरो’. आपलं रोज-रोजंदारी जसं दिवसावरून, तसंच हे. दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियात मोठ्या जमीनदाऱ्या आणि भूमिहीन मजूर हा जुना प्रश्न आहे, त्यामुळे तिथे खोर्नालेरो शब्दाला एक धार आहे. हंगामापुरता येणारा तो ‘तेम्पोरेरो’: वेल्वाला स्ट्रॉबेरी, ला रिओखाला द्राक्षं, खाएनला ऑलिव्ह. ‘ब्रासो’ म्हणजे बाहू, त्यावरून ‘ब्रासेरो’, म्हणजे नुसते हात घेऊन आलेला मजूर. 1942 ते 1964 या काळात करार करून मेक्सिकन शेतमजूर अमेरिकेत नेले जात. त्या योजनेचं नावच ‘ब्रासेरो’ पडलं. माणसाचं नाव त्याच्या हातांवरून पडावं यात काय आलं ते मराठी माणसाला समजावून सांगायला नको; डोक्यावर ओझं वाहणाऱ्याला आपण ‘माथाडी’ म्हणतो.

कोल्हापूर-सांगलीकडची मुलं असली की मी ‘साफ्रा’ हा शब्द हमखास शिकवते. साफ्रा म्हणजे ऊसतोड आणि गळीत हंगाम, दोन्ही मिळून. क्युबात कोयत्याने ऊस तोडणारा ‘माचेतेरो’. कॅस्ट्रो यांनी 1970 च्या साफ्रात एक कोटी टन साखरेचं लक्ष्य ठेवलं, अख्खा देश फडात उतरवला, आणि तरीही सुमारे 85 लाख टनांवर गाडी थांबली. साखर कारखान्याला बऱ्याच देशांत ‘इन्खेनिओ’ म्हणतात; त्याच शब्दाचा दुसरा अर्थ हुशारी, कल्पकता. पश्चिम महाराष्ट्रातलं राजकारण माहीत असलेला विद्यार्थी हे ऐकून हसतोच.

ऑफिसच्या लोकांबद्दल फार वेळ घालवत नाही. एम्प्लेआदो म्हणजे नोकरदार. फुन्सिओनारिओ म्हणजे कायम सरकारी नोकर. आउतोनोमो म्हणजे स्वतःचा धंदा स्वतः करणारा. बेकारिओ म्हणजे ‘बेका’वर, विद्यावेतनावर असलेला उमेदवार किंवा इंटर्न, बेकार नव्हे, पण हातात पडणारे पैसे बघितले तर फरक फारसा जाणवत नाही. मेक्सिकोत डबा घेऊन ऑफिसात जाणाऱ्या, महिनाअखेरीची वाट बघणाऱ्या नोकरदाराला थट्टेने ‘गोदीनेस’ म्हणतात. मुळात ते आडनाव आहे. स्पेनमध्ये ‘मिलेउरिस्ता’ हा शब्द 2005 मध्ये एका तरुणीने वर्तमानपत्राला लिहिलेल्या पत्रातून रूढ झाला. शिकलेली, भाषा येणारी, आणि तरी महिना हजार युरोंवर अडकलेली पिढी. एका पत्राने भाषेला शब्द दिला.

एक शब्द मात्र पुण्यातल्या वर्गात टाळताच येत नाही, ‘ओपोसितोर’. दिसायला विरोधकासारखा. प्रत्यक्षात ‘ओपोसिसिओनेस’, म्हणजे सरकारी जागांच्या स्पर्धा परीक्षा, देणारा उमेदवार. ‘मी एर्मानो एस्ता ओपोसितांदो’ म्हणजे माझा भाऊ कुणाला विरोध करत नाहीये, तो अभ्यासिकेत बसलाय. पास झाला की ‘आ साकादो ला प्लासा’, त्याने जागा काढली. सदाशिव पेठेत खोली घेऊन तिसऱ्यांदा पूर्वपरीक्षेला बसलेल्या मुलाला हा शब्द एकदा सांगितला की पुन्हा सांगावा लागत नाही.

घरकामाचे शब्द जपून वापरा. ‘क्रिआदा’ म्हणजे मोलकरीण, जुन्या कादंबऱ्यांत सर्रास. आज कुणाबद्दल बोललात तर खटकेल. स्पेनमध्ये ‘एम्प्लेआदा दे ओगार’, मेक्सिकोत ‘त्राबाखादोरा देल ओगार’. स्पेनमध्ये या बायकांना बेकारी भत्त्याचा हक्क मिळायला 2022 उजाडलं. आपल्याकडे 2008 च्या कायद्याने ‘घरेलू कामगार’ हा शब्द कागदावर आणला, पण बोलताना आपण अजून ‘आमची बाई’च म्हणतो. स्पॅनिश घरांतही असंच काहीसं चालतं.

काम गेल्यावरचे शब्द सगळ्यात जास्त गोंधळाचे. स्पेनमध्ये ‘पारो’ म्हणजे बेकारी आणि ‘पारादो’ म्हणजे बेकार. लॅटिन अमेरिकेत ‘पारो’ म्हणजे संप आणि ‘पारादो’ म्हणजे उभा असलेला. ‘मी पाद्रे एस्ता पारादो’ हे वाक्य माद्रिदमध्ये ऐकलं तर सांत्वन करायचं, लिमात ऐकलं तर खुर्ची द्यायची. चिलीत बेकाराला ‘सेसान्ते’ म्हणतात. संपाला स्पेनमध्ये ‘वेल्गा’. हा शब्द ‘ओल्गार’, म्हणजे काम थांबवून विसावणं, यावरून आला. आंदालुसियात त्याचाच उच्चार घशात गेला आणि ‘ख्वेर्गा’ झाला. त्याचा अर्थ नाचगाण्याची, पिण्याखाण्याची रात्रभर चालणारी मजा. संप आणि मौजमजा एकाच घरातून निघालेत.

आता ‘कष्टाळू’कडे परत. त्राबाखादोर हा सगळीकडे चालणारा शब्द, परीक्षेत तोच वापरा. पण माणसं बोलताना तो देश बदलला की बदलतो, कारण ‘काम’च बदलतं. स्पेनमध्ये रोजच्या बोलण्यात काम म्हणजे ‘कुर्रो’, काम करणं ‘कुर्रार’, आणि राबणारा माणूस ‘कुर्रान्ते’. हा शब्द कालोमधून, म्हणजे स्पेनमधल्या रोमानी लोकांच्या बोलीतून आला. रोमानी भाषेचं मूळ भारतात आहे. त्याच बोलीतून स्पॅनिशला मिळालेला ‘चाबाल’, पोरगा, आणि आपला ‘छावा’ एकाच मुळावरचे. मेक्सिकोत आणि पेरूत काम म्हणजे ‘चांबा’ आणि कष्टाळू माणूस ‘चांबेआदोर’. यातला च चिमणीतला, चाकातला नाही. अर्जेंटिनात इटालियन स्थलांतरितांनी आणलेला ‘लाबुरो’, आणि माणूस ‘लाबुरान्ते’. चिलीत ‘पेगा’. कोलंबियात ‘कामेयो’, म्हणजे चक्क उंट. हे सगळे घरगुती शब्द आहेत. मुलाखतीत ‘सोय मुइ कुर्रान्ते’ म्हणू नका, मित्राबद्दल जरूर म्हणा.

काही विशेषणं त्राबाखादोरच्या आजूबाजूची, पण तीच नव्हेत. अभ्यासू मुलाला ‘आप्लिकादो’. परिस्थितीशी झगडून घर उभं केलेल्या बाईला ‘लुचादोरा’. आपण ‘तिने फार सोसलं, पण उभी राहिली’ म्हणतो त्या जागी. घेतलेलं काम वेळेत तडीस नेणारा ‘कुम्प्लिदोर’. ‘लाबोरिओसो’ शब्दकोशात कष्टाळू म्हणून सापडतो, पण माणसाला लावला तर पुस्तकी वाटतो. कामाला लावला तर ‘किचकट, वेळखाऊ’. आणि ‘आसेन्दोसा’ हा शब्द जवळजवळ नेहमी बायकांनाच लावतात: घर नीटनेटकं ठेवणारी, सतत हात चालू असलेली. जुन्या विवाहविषयक जाहिरातींमधल्या ‘गृहकृत्यदक्ष’ला याच्यापेक्षा चोख प्रतिशब्द मला सापडलेला नाही. त्यामुळेच आजच्या मुलीला कौतुक म्हणून तो लावायच्या आधी विचार करा. घोकंपट्टी करणाऱ्याला स्पेनमध्ये ‘एम्पोयोन’ म्हणतात. ‘एम्पोयार’ म्हणजे कोंबडीने अंडी उबवत बसणं. पुस्तकावर बसलेला विद्यार्थी डोळ्यांसमोर आला ना? पेरूत त्यालाच ‘चांकोन’.

वाक्प्रचारांत तर आपलीच माणसं भेटतात. ‘त्राबाखार कोमो उन बुर्रो’: गाढवासारखं राबणं, ढोरमेहनत. ‘रोम्पेर्से एल लोमो’: पाठ मोडणं; लोमो हा शब्द मुळात जनावराच्या पाठीसाठी आहे, म्हणून तो इतका बोचतो. ‘देखार्से ला पिएल’: कामात आपली कातडी सोडून येणं, आपण रक्ताचं पाणी करतो, ते कातडी ठेवून येतात. ‘दे सोल आ सोल’: सूर्यापासून सूर्यापर्यंत. ‘इंकार लोस कोदोस’ म्हणजे टेबलावर कोपरं रोवून अभ्यासाला बसणं आणि ‘केमार्से लास पेस्तान्यास’ म्हणजे दिव्याजवळ वाचून वाचून पापण्यांचे केस जाळणं. ‘आर्रिमार एल ओंब्रो’चं शब्दशः भाषांतर कृपा करून करू नका. त्याचा अर्थ ‘खांदा लावणं’, म्हणजे सगळ्यांच्या कामात हातभार लावणं. मराठीत खांदा कुठे देतात ते सांगायला नको.

आळशाला ‘बागो’, मेक्सिकोत ‘फ्लोखो’, म्हणजे सैल. ‘नो दा पालो आल आग्वा’ म्हणजे पाण्यात वल्हंसुद्धा मारत नाही. बोटीत बसून राहिलेला हा माणूस प्रत्येक ऑफिसात असतो. ‘कोणासारखा राबणे’ याच्या काही आवृत्त्यांत काळ्या किंवा चिनी माणसाचं नाव येतं. जुन्या पिढीच्या तोंडी त्या अजून ऐकू येतात. समजून घ्या, वापरू मात्र नका. त्यामागे गुलामगिरीचा आणि वेठबिगारीचा इतिहास आहे.

म्हणींची एक जोडी मला फार आवडते. ‘आ किएन माद्रुगा, दिओस ले आयुदा’: पहाटे उठणाऱ्याला देव मदत करतो. (‘माद्रुगार’ हे ‘पहाटे उठणे’ याला एका शब्दाचं क्रियापद आहे, त्याचा मला हेवा वाटतो.) आणि लगेच तिचं तोंड बंद करणारी दुसरी: ‘नो पोर मुचो माद्रुगार आमानेसे मास तेम्प्रानो’, तुम्ही कितीही लवकर उठा, उजाडायचं तेव्हाच उजाडणार. आपण कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटतं म्हणतो. ते म्हणतात कोंबड्याच्या आधी उठलात तरी फुटत नाही.

लक्षात कसं ठेवायचं याबद्दल माझं मत थोडं कडक आहे. ‘कष्टाळूचे बारा प्रतिशब्द’ अशा याद्या फोनमध्ये साठवू नका. शब्दाला माणूस चिकटवा. तुमच्या इमारतीच्या बांधकामावरचा बिगारी पेओन, त्याला हाका मारणारा माएस्त्रो, समोरच्या खोलीतला ओपोसितोर, पहाटे चारला उठून पोळी-भाजीचे डबे करणारी लुचादोरा, दिवसभर पारावर बसलेला बागो. प्रत्येकाबद्दल स्पॅनिशमध्ये दोन वाक्यं लिहा, एक तो कोण आहे आणि एक तो आत्ता काय करतोय. म्हणजे ‘एस’ आणि ‘एस्ता’ही एकाच दमात घोटून होतात. आणि मधे इंग्रजीला बोलावू नका. बिगारी आणि गवंडी, रोज आणि पगार, कष्टकरी आणि नोकरदार हे फरक तुमच्या मराठीत आधीपासून आहेत. इंग्रजीवरून वळसा घेतलात की ते सगळे एका शब्दात गोळा होतात आणि तुम्ही रिकाम्या हाताने स्पॅनिशला पोचता.

राहिला तुमचा निबंध. वडिलांचा धंदा ‘तोर्नेरो’. ‘तोर्नो’ म्हणजे लेथ. धंदा सांगताना ‘उन’ लागत नाही, हे विसरू नका. परिच्छेद मी असा करेन:

‘मी पाद्रे एस तोर्नेरो. त्राबाखो त्रेइन्ता इ उन आन्योस एन एल मिस्मो तायेर, कासी सिएंप्रे एन एल तुर्नो दे नोचे. नुंका फाल्तो उन दिआ. आओरा एस्ता खुबिलादो, पेरो नो साबे एस्तार्से किएतो: एल दोमिंगो पासादो आर्रेग्लो ला बोंबा दे आग्वा दे ला बेसिना.’

म्हणजे: माझे बाबा टर्नर आहेत. एकतीस वर्षं एकाच वर्कशॉपमध्ये काम केलं, बहुतेक रात्रपाळीत. एक दिवस दांडी मारली नाही. आता निवृत्त आहेत, पण स्वस्थ बसणं त्यांना जमत नाही. परवाच्या रविवारी शेजारच्या काकूंचा पाण्याचा पंप दुरुस्त करून दिला.

‘बोंबा’ म्हणजे पंप, बोंबा मारणं नव्हे. इथल्या ‘त्राबाखो’मध्ये जोर शेवटच्या ‘खो’वर द्या, कारण मधल्या ‘बा’वर दिलात तर ‘काम’ किंवा ‘मी काम करतो’ होईल, आणि एकतीस वर्षं लेथवर तुम्ही उभे राहिला नव्हतात. रात्रपाळीचं आणि पंपाचं मी माझ्या मनाने घातलंय. त्या जागी तुमच्या बाबांचं खरं काय ते त्यांना विचारून लिहा.